शेजारच्या देशात पेट्रोल स्वस्त कसं? दर वाचताना विचारायचे पाच प्रश्न



आजचा पाठ माझ्याच एका चुकीतून तयार झालाय, म्हणून आधी ती चूक सांगते.

फेब्रुवारी २०२१. कोरोनामुळे बंद असलेले पाचवी ते आठवीचे वर्ग नुकतेच, २७ जानेवारीला, सुरू झाले होते. त्या दिवसांत मोबाईलवर एक मेसेज खूप फिरत होता. रामाच्या भारतात पेट्रोल ९३ रुपये, सीतेच्या नेपाळात ५३ आणि रावणाच्या लंकेत ५१! तुम्हालाही आला असेल. मला गंमत वाटली, थोडा रागही आला, आणि मी तो आमच्या पालकांच्या ग्रुपवर पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाईनू, ते ५३ रुपये आपले काय नेपाळचे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षानुवर्षं मी मुलांना सांगत आले, उदाहरणात एकक लिहा, एकक नसेल तर गुण नाहीत. आणि इथे मीच एकक न बघता उत्तर गावभर वाटलं होतं.

त्या पोराला हा प्रश्न का पडला, तेही सांगते. आमची शाळा सिंधुदुर्गात, बांद्याच्या बाजूला. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त मिळतं हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. त्याचे बाबा दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला भाजी घेऊन जातात आणि येताना ओम्नीची टाकी तिकडेच भरतात. त्यामुळे पेट्रोलचा दर हा त्याच्या घरातला विषय. माझ्यासाठी तो फक्त एक मेसेज होता.

मग आम्ही दोन तास हाच विषय घेतला. त्यातून पाच प्रश्न निघाले. दोन देशांच्या पेट्रोलच्या दरांची तुलना कुठेही दिसली की हे पाच प्रश्न विचारायचे. उदाहरणं मी २०२१ आणि २०२२ मधली घेतली आहेत, कारण त्या दोन वर्षांत आपल्या शेजारी जे घडलं त्यात हा सगळा पाठ एकत्र सापडतो.

प्रश्न पहिला : रुपया कोणाचा?

भारत, नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान या चारही देशांच्या चलनाचं नाव रुपया किंवा रुपी असंच आहे. नाव एक, पण किंमत वेगवेगळी. इथेच पहिली फसगत होते.

नेपाळचं गणित सोपं आहे. १९९३ पासून नेपाळी रुपयाचा दर भारतीय रुपयाशी बांधलेला आहे. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. म्हणून नेपाळी किंमत भारतीय रुपयांत आणायची तर १.६ ने भागायचं. (मुलं इथे हमखास गुणाकार करतात. त्यांना आधी विचारा, "उत्तर मोठं यायला हवं की लहान?" मग चूक होत नाही.)

त्या काळात नेपाळात पेट्रोल सुमारे ११० नेपाळी रुपये लिटर होतं. ११० भागिले १.६ म्हणजे साधारण ६९. म्हणजे आपल्या रुपयांत ५३ नव्हे, सत्तरच्या आसपास. आणि मेसेजमधले ५३ नेपाळी रुपये म्हणावेत तर तेही जुळत नाही. नेपाळचा आकडा चुकीचाच होता.

आता श्रीलंका. तिथे पेट्रोल १३७ श्रीलंकन रुपये होतं. तेव्हा आपल्या एका रुपयाला श्रीलंकेचे साधारण २.६५ रुपये मिळायचे. भागाकार केला की जवळपास ५१-५२ येतात. म्हणजे लंकेचा आकडा बरोबर होता! एकाच मेसेजमधली एक गोष्ट खरी आणि एक खोटी. असेच मेसेज ओळखायला सगळ्यांत कठीण.

भूतानचं चलन ङुल्त्रुम. ते आपल्या रुपयाशी एकास एक बांधलेलं आहे. त्यामुळे भूतानची तुलना करताना भागाकार लागतच नाही.

प्रश्न दुसरा : कोणत्या गावचा आणि कोणत्या दिवसाचा दर?

मेसेजमध्ये भारतातला दर ९३ होता. पण भारतात पेट्रोलचा एकच दर असतो का? फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला मुंबईत पेट्रोल ९२ रुपये ८६ पैसे होतं आणि दिल्लीत ८६ रुपये ३० पैसे. म्हणजे कुणीतरी महागातल्या शहराचा दर घेऊन तो सगळ्या देशाचा म्हणून लिहिला. हे म्हणजे वर्गातल्या सर्वांत उंच मुलाची उंची मोजून "आमच्या वर्गाची उंची" म्हणून सांगण्यासारखं झालं.

दिवसही महत्त्वाचा. दोन्ही देशांचे दर एकाच दिवसाचे हवेत. एकाचा आजचा आणि दुसऱ्याचा सहा महिन्यांपूर्वीचा दर घेतला तर ती तुलनाच नाही.

प्रश्न तिसरा : त्यात तेल किती आणि कर किती?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. इथे जरा थांबूया.

१६ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीत पेट्रोल ८९ रुपये २९ पैसे लिटर होतं. त्याची फोड अशी :

- पेट्रोलची मूळ किंमत आणि वाहतूक : ३२.१०
- केंद्र सरकारचं उत्पादन शुल्क : ३२.९०
- पंपमालकाचं कमिशन : ३.६८
- राज्याचा व्हॅट : २०.६१
- एकूण : ८९.२९

ही बेरीज मुलांकडून फळ्यावर करून घ्या. मग दोन्ही कर मिळवायला सांगा : ३२.९० अधिक २०.६१ म्हणजे ५३.५१. एकूण दराच्या जवळजवळ ६० टक्के. मी वर्गात दहा खडू घेतले. पूर्ण खडू म्हणजे एक रुपया असं धरलं. दहा रुपयांच्या पेट्रोलमधले सहा खडू कराचे. साडेतीनच्या किंचित वर खडू प्रत्यक्ष तेलाचे. उरलेला छोटा तुकडा पंपमालकाचा. मुलं त्या तुकड्याकडे बघतच राहिली. पंपवालाच सगळे पैसे खातो असं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं.

आता नेपाळकडे वळू. नेपाळात स्वतःचं खनिज तेल निघत नाही आणि शुद्धीकरण कारखानाही नाही. मग तिथलं पेट्रोल येतं कुठून? आपल्याकडूनच. १९७४ पासून इंडियन ऑइल ही आपली सरकारी कंपनी नेपाळ ऑइल निगमला इंधन पुरवते. बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची पाइपलाइन टाकली आहे. तिचं उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झालं आणि सुरुवातीला तिच्यातून डिझेल जाऊ लागलं. पेट्रोल तेव्हा टँकरने जायचं.

म्हणजे बघा, माल भारतातून गेलेला, टँकर दोनशे-तीनशे किलोमीटर जास्त चाललेला, आणि तरी पलीकडे दर कमी! कसं काय?

कारण परदेशी विकलेल्या मालावर आपलं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागत नाही. वरच्या फोडीतली ती ५३ रुपयांची रक्कम सीमेवर गळून पडते. पुढे नेपाळ सरकार आपले कर लावतं. तिथेही सीमाशुल्क आहे, रस्त्यासाठीचा आणि पायाभूत सुविधांसाठीचा कर आहे, त्यावर १३ टक्के व्हॅट आहे. नेपाळात पेट्रोल करमुक्त आहे असा समज करून घेऊ नका. पण त्या वर्षी नेपाळचे कर मिळून आपल्या करांपेक्षा कमी होते. फरक होता तो एवढाच. दोन्हीकडे तेल तेच होतं, कर वेगळे होते.

आपला कर तेव्हा एवढा जास्त का होता? मार्च आणि मे २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, जगात तेल एकदम स्वस्त झालं. त्या वेळी केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क दोनदा मिळून १३ रुपयांनी वाढवलं. १९.९८ चं ३२.९८ झालं. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ रुपये आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी केले. १३ चढले, १३ उतरले.

कर म्हणजे वाईट, असं मी मुलांना सांगत नाही. त्याच पैशातून रस्ते होतात, दवाखाने चालतात, आणि खरं सांगायचं तर माझा पगारही सरकारी तिजोरीतूनच येतो. कर किती असावा यावर मोठ्या माणसांची मतं वेगवेगळी असतील, असू द्यावीत. पण आपण भरतो त्यात तेल किती आणि कर किती, हे प्रत्येकाला सांगता आलंच पाहिजे.

सीमेवर काय झालं?

भारत आणि नेपाळची सीमा १,७५१ किलोमीटर लांब आणि खुली आहे. दोन्हीकडची माणसं पासपोर्टशिवाय ये-जा करतात. अशा ठिकाणी लिटरमागे वीस-बावीस रुपयांचा फरक पडला तर काय होईल? जे व्हायचं तेच झालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये बिहारच्या अररिया, किशनगंजकडची माणसं सायकल-मोटारसायकलवरून नेपाळात जाऊन कॅनमधून पेट्रोल आणायला लागली. अलीकडच्या पंपांचा धंदा बसला. सीमा सुरक्षा बघणाऱ्या सशस्त्र सीमा बलाला माणसं पकडावी लागली.

(इथे मुलांना एक गोष्ट ठासून सांगा. प्लास्टिकच्या कॅनमध्ये किंवा बाटलीत पेट्रोल नेणं फार धोक्याचं असतं. एक ठिणगी पुरते.)

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्याच वर्षी सगळं उलटलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि जगात तेल भडकलं. आपल्याकडे एप्रिलनंतर कंपन्यांनी दर वाढवलेच नाहीत, आणि मे महिन्यात शुल्कही कमी झालं. नेपाळात मात्र दर वाढत गेले. २० जून २०२२ ला तिथे पेट्रोल १९९ नेपाळी रुपये झालं. भागा १.६ ने. १२४ रुपयांच्या वर! तेव्हा पाटण्यात दर १०७ च्या आसपास होता. म्हणजे सोळा महिन्यांपूर्वी जिथून पेट्रोल अलीकडे आणण्यात फायदा होता, तिथे आता पलीकडे नेण्यात फायदा होता. नेपाळात लोक रस्त्यावर उतरले आणि आठवड्याच्या आतच सरकारने दर २० रुपयांनी उतरवून १७९ केला.

सीमा तीच, पुरवठा करणारी कंपनी तीच. "नेपाळात पेट्रोल स्वस्त असतं" हे वाक्य मग खरं म्हणायचं की खोटं? वाक्यात तारीख नसेल तर ते खरंही नाही आणि खोटंही नाही.

प्रश्न चौथा : फरकाचे पैसे कोण भरतंय?

आता लंकेच्या त्या ५१ रुपयांकडे परत जाऊ. तो आकडा बरोबर होता असं मी वर म्हटलं. पण बरोबर आकड्यामागे काय दडलं होतं, ते पुढच्या वर्षी दिसलं.

श्रीलंका आपलं सगळं तेल बाहेरून विकत घेते आणि त्यासाठी डॉलर मोजते. तिथल्या सरकारने पेट्रोलचा दर बराच काळ १३७ वर धरून ठेवला होता. सरकारी तेल कंपनी तोट्यात होती. म्हणजे पंपावर ग्राहक जे कमी देत होता, ते कुणीतरी दुसरं भरत होतं. कोविडमुळे पर्यटक यायचे बंद झाले, डॉलर आटले, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचं जाहीर केलं. पेट्रोलचे दर मग असे चढले :

- जून २०२१ : १५७
- मार्च २०२२ : २५४
- एप्रिल २०२२ : ३३८
- मे २०२२ : ४२०
- जून २०२२ : ४७०

सव्वा वर्षात १३७ वरून ४७०. जवळजवळ साडेतीन पट. आणि एवढे पैसे मोजायची तयारी असूनही पेट्रोल मिळेना. पंपांवर दिवसदिवस रांगा लागल्या. जूनच्या शेवटी सरकारने अत्यावश्यक सेवा सोडून बाकी सगळ्यांना इंधन विकणं दोन आठवड्यांसाठी थांबवलं. शहरांतल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. का? मुलं आणि शिक्षक शाळेत पोचणार कसे? पुढे क्यूआर कोड दाखवून आठवड्याला ठरलेलं इंधन द्यायची पद्धत सुरू झाली. "पेट्रोल नाही म्हणून शाळा बंद" हे ऐकून आमचा वर्ग आधी हसला. मग गप्प झाला. आमच्या शाळेतही चार मुलं रोज सहा आसनी रिक्षाने येतात.

आता हा हिशेब बघा. जून २०२२ मध्ये श्रीलंकेचा रुपया एवढा घसरला होता की आपल्या एका रुपयाला तिथले साधारण ४.६ रुपये मिळत. ४७० भागिले ४.६ म्हणजे साधारण १०२ भारतीय रुपये. त्याच दिवसांत मुंबईत पेट्रोल होतं १११ रुपये ३५ पैसे.

म्हणजे संकटाच्या अगदी शिखरावरसुद्धा, भारतीय रुपयांत मोजलं तर श्रीलंकेत पेट्रोल मुंबईपेक्षा "स्वस्त" होतं! पण कोलंबोच्या रिक्षावाल्याला जाऊन हे सांगता येईल का? त्याची कमाई श्रीलंकन रुपयांत. ती साडेतीन पट झाली नव्हती. म्हणून दराशेजारी नेहमी कमाई ठेवायची. एका दिवसाच्या मजुरीत किती लिटर येतं, हे विचारायचं. चलन बदलून केलेला भागाकार अर्धंच उत्तर देतो.

प्रश्न पाचवा : तुलनेसाठी कोणती वस्तू निवडली?

त्याच फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत हा विषय निघाला. तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी उत्तरात रॉकेलचे दर सांगितले. नेपाळ आणि बांगलादेशात रॉकेल ५७ ते ५९ रुपये आणि भारतात ३२ रुपये. पेट्रोल घेतलं तर आपण महाग, रॉकेल घेतलं तर आपण स्वस्त. दोन्ही खरं!

नेपाळात रॉकेलचा दर डिझेलइतकाच ठेवतात. रॉकेल स्वस्त ठेवलं तर ते डिझेलमध्ये मिसळून विकलं जातं, ती भेसळ टाळायची म्हणून. आपल्याकडे रॉकेल गरिबांच्या चुलीसाठी, म्हणून वर्षानुवर्षं ते स्वस्त ठेवलं. दोन देशांनी दोन वेगळे विचार केले. म्हणून कुणी एकाच वस्तूचा दर दाखवून "बघा, ते देश किती पुढे" किंवा "बघा, आपण किती पुढे" म्हणालं की विचारायचं, दुसरी वस्तू घेतली तर काय दिसेल?

आता परत आपल्या नाक्यावर

नेपाळचं समजलं की पत्रादेवीचं आपोआप समजतं. पेट्रोल अजून जीएसटीत नाही. केंद्राचं शुल्क सगळ्या देशात सारखं, पण प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. म्हणून महाराष्ट्र आणि गोव्यात अलीकडे लिटरमागे आठ-नऊ रुपयांचा फरक दिसतो. देश एक असूनही हद्दीवर तेच घडतं.

मग प्रत्येकाने गोव्यात जाऊन टाकी भरावी का? हे उदाहरण मी वर्गाला घातलं :

तुमची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते. हद्दीपलीकडचा पंप १० किलोमीटरवर आहे. तुम्ही ५ लिटर भरणार. फरक लिटरमागे ९ रुपये. आपल्याकडचा दर १०५ धरा.

वाचले किती? ५ गुणिले ९ म्हणजे ४५ रुपये. जाऊन-येऊन २० किलोमीटर. त्याला लागलं साधारण ०.४४ लिटर, म्हणजे सुमारे ४६ रुपये. फायदा शून्य, उलट एक रुपया अंगावर, आणि तासभर वेळ गेला तो वेगळाच! (जाताना जुनं पेट्रोल आणि येताना नवं, म्हणून एक-दोन रुपये इकडेतिकडे होतील. उत्तर बदलत नाही.)

पण त्या मुलाचे बाबा बाजाराला जाणारच असतात. त्यांना वेगळी फेरी पडत नाही. ते २५ लिटर भरतात. २५ गुणिले ९ म्हणजे २२५ रुपये शुद्ध फायदा. त्याने हे फळ्यावर सोडवलं, आणि मागे वळून म्हणाला, "म्हणजे बाबांचा बरोबर आहे." त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. एकाच फरकात कुणाचा तोटा, कुणाचा फायदा. दर एकच, माणसं वेगळी.

त्या दिवशी संध्याकाळी मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं : "काल मी पाठवलेल्या मेसेजमधला नेपाळचा आकडा चुकीचा होता. चूक सातवीतल्या विद्यार्थ्याच्या लक्षात आली." चार-पाच जणांनी अंगठे दाखवले, एका काकांनी "मॅडम, राजकारण नको" असंही लिहिलं. असू दे. चूक जिथे केली तिथेच दुरुस्त करायची, हेही मुलांनी बघायला हवं ना?

थोडक्यात, पाच प्रश्न

१. रुपया कोणाचा?
२. कोणत्या गावचा, कोणत्या दिवसाचा दर?
३. त्यात तेल किती, कर किती?
४. फरकाचे पैसे कोण भरतंय, आणि घेणाऱ्याची कमाई किती?
५. वस्तू कोणती निवडली, आणि दुसरी निवडली तर?

घरी करून बघा

- तुमच्या गावातल्या पंपावरचा आजचा दर वहीत लिहा, तारखेसह. शेजारच्या जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या नातेवाइकांना फोन करून त्याच दिवसाचा तिथला दर विचारा. फरक काढा.
- नेपाळी १७९ रुपये म्हणजे भारतीय किती? आधी अंदाज लिहा, मग भागाकार करा.
- घरातल्या गाडीला महिन्याला किती लिटर लागतं ते मोठ्यांना विचारा. दर २ रुपयांनी वाढला तर महिन्याचा खर्च किती वाढेल?
- मोबाईलवर आलेला कोणताही एक आकड्यांचा मेसेज निवडा आणि त्याला वरचे पाच प्रश्न विचारा.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी कोणता सहावा प्रश्न काढला, ते मला नक्की कळवा. माझ्या वर्गाने पाच काढले, त्यातला पहिला माझा नव्हताच.